एकाला दिसलं होतं

नाही नाही, उठू नका, बसा—चहा घ्या तुमचा, निवतोय तो—तुम्ही माझ्याशी बोलायचं नाही हे मला ठाऊक आहे, दारावरच लिहिलंय एवढ्या मोठ्या अक्षरांत, खेळाडूंच्या घरच्यांनी पंचांच्या खोलीत यायचं नाही म्हणून. म्हणून तर दारावरच्या माणसाला म्हटलं, मी साहेबांची बहीण, चष्मा विसरून आलेत, तो द्यायचाय—हा बघा, माझाच दाखवला त्याला, शिवणकामाचा—माफ करा हं, बहीण म्हटलं, पण दुसरं काय म्हणणार, बायको म्हटलं असतं तर तुम्ही वेगळ्याच कारणानं उठून पळाला असता. हसलात? बरं झालं. नाही, तुम्ही बोलूच नका, मीच बोलते. नियमात पंचांनी बोलायचं नाही असं आहे, ऐकायचं नाही असं थोडंच आहे? तुमचे बाकीचे दोघं वजनकाट्याकडे गेलेत, मी बघूनच आत आले, ते परत येईपर्यंतच—तेवढंच.

मी भिंगरीची आई. भिंगरी म्हणजे—तिचं कागदावरचं नाव सांगून काय उपयोग, तुमच्यासाठी सगळ्या नुसत्या लाल आणि निळ्या—मागच्या मोसमात, याच हॉलमध्ये, शेवटची लढत. निळ्या कोपऱ्यातली बुटकी, डोक्यावर बोटभरही केस नाहीत, पाय एका जागी ठरत नाहीत, लहानपणापासून तशीच, म्हणून भिंगरी. समोर ती उंच, लांब हातांची. आठवलं ना? आठवणारच. तिघांपैकी दोघांनी उंच मुलीला दिली आणि एकानं आमच्या पोरीला. तो एक तुम्ही. नाही नाही, आभार मानायला नाही आले मी—तुम्हाला तसं वाटलं ना, चेहरा कसा सैल पडला तुमचा—आभार नाहीत, साहेब. मी उलटंच मागायला आलेय. आज तिला गाठा, इथे कॉरिडॉरमध्ये, कुठेही, आणि एकच वाक्य म्हणा, "पोरी, माझी चूक झाली होती, ती लढत तुझी नव्हती." बस्. एवढंच. मग मी जन्मात तुमच्या दारात यायची नाही.

असं बघू नका हो. वेडी नाही मी. वेडी असते तर त्या दोघांकडे गेले असते ना, ज्यांनी तिला हरवलं—शिव्या द्यायला, भांडायला, हिचे बाबा तेच म्हणत होते, चल, त्यांना जाब विचारू. पण त्या दोघांनी आमचं काहीच बिघडवलं नाही. बिघडवलंय ते तुम्ही. तुमच्या त्या एका मतानं. हरली असती ना ती सरळ, तिन्हीच्या तिन्ही मतांनी, तर रडली असती, चार दिवस तोंड फुगवून बसली असती, आणि मग उठून कामाला लागली असती, हे मी तिच्या तोंडून ऐकलंय, "आई, एकालाही दिसलं नसतं ना, तर मी तेव्हाच ग्लोव्हज खुंटीला लावले असते." पण एकाला दिसलं! सकाळी उठली की तेच, चहाचा कप तोंडाला लावताना तेच—आई, एकाला दिसलं होतं. गोदामातून दमून येते—पार्सलच्या गोदामात आहे ती, दिवसभर खोकी उचलायची—तरी बूट काढायच्या आत फोन काढते आणि ती लढत लावते. सारखी. तिसरा राउंड तर इतक्या वेळा, की मला भिंतीपलीकडून नुसत्या आवाजावरून कळतं, आता घंटा होणार, आता लोक ओरडणार, आता तो रेफरी हात वर करणार आणि हात तिचा नाही.

आणि गंमत सांगू? गंमत कसली म्हणा. एका रविवारी जेवायच्या वेळी तिनं आम्हाला सगळ्यांना टेबलाशी बसवलं, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, म्हणाली, आज तुम्ही पंच. हिचे बाबा, मी आणि वरच्या मजल्यावरच्या मावशी, त्या सहजच डोकावल्या होत्या, त्यांनाही बसवलं. आमच्या घरी आधीच या शब्दाचा घोळ—मारतात तोही पंच आणि निकाल देतात तेही पंच—मावशी म्हणाल्या, म्हणजे मी कुणाला मारायचंय? असं. तर बघितलं. हिच्या बाबांनी तिन्ही राउंड डोळे झाकून हिला दिले, त्यांचं ठरलेलंच होतं. मावशी म्हणाल्या, ती उंच मुलगी किती ऐटीत लढते, तिला. आणि मी—मी दुसरा राउंड उंच मुलीला दिला. नुसतं म्हटलं, मला तिचे जास्त बसल्यासारखे वाटले, तर भिंगरी ताटावरून उठली. मग हिच्या बाबांनी पुन्हा लावायला लावलं, तर आता मावशींनी तोच राउंड हिला देऊन टाकला! मी म्हटलं, अहो मावशी, मघाशी तर तुम्ही—तर म्हणाल्या, मघाशी मी वाढत होते, अर्धंच बघितलं. आणि खरं सांगू, मलाही दुसऱ्या वेळी तो वेगळाच दिसला. पहिल्या वेळी आवाज मोठा होता ना—त्या उंच मुलीनं मारलं की लोक ओरडतात, मग ठोसा मोठा वाटतो. आवाज बंद केला की तोच ठोसा नुसता खांद्यावर घासून गेलेला. तेव्हा मला पहिल्यांदा तुमची कीव आली, साहेब. तुम्हाला तर पुन्हा लावताही येत नाही. घंटा झाली की दाबायचं बटण.

आमच्याकडेही आहे हे. मी पडदे शिवते—हॉटेलं, ऑफिसं, मोठमोठ्या खिडक्यांचे, अस्तर लावून, वरती चुण्या घालून. तिथे आमच्या मालकीणबाई शिवण तपासतात. एकदा त्यांनी सकाळी एक पडदा नापास केला, कड वाकडी आहे म्हणाल्या, उसव. मी काही उसवला नाही, घडी घालून ठेवला आणि जेवण झाल्यावर तोच परत नेऊन दिला—वा, आता कसं सरळ आलं! तेव्हा आम्ही सगळ्या बायका मशिनीवर तोंड दाबून हसलो होतो. पडद्याचं ठीक आहे हो. पडद्याला कुठे कळतं तो पास झाला का नापास. पोर तेवढ्यावर जगते.

घड्याळ बघू नका ना. येते मुद्द्यावर. तुम्हाला वाटत असेल, ही कोण मला चूक म्हणायला सांगणारी, मला जे दिसलं ते मी दिलं. दिलं? खरंच? नाही, रागावू नका, मी सांगते मला काय दिसलं. मी तुमच्या मागेच बसले होते त्या दिवशी, पहिल्या रांगेत, तुमच्या टेबलाच्या अगदी पाठीशी. हिच्या बाबांना वाटलं मला जवळून बघायचंय. मला बघायचंच नसतं. त्या रविवारची फोनवरची सोडली तर मी तिची एकही लढत बघितलेली नाही, साहेब, एवढ्या वर्षांत एकही—पोटच्या पोरीच्या तोंडावर कुणीतरी मारतंय हे कुठली आई बघेल—पण गेले नाही तर तिला वाटतं आईला नको आहे, म्हणून जाते, बसते, आणि तिच्याकडे न बघता दुसरीकडे कुठेतरी बघत राहते. छताचे दिवे बघते, कुणाचा तरी बूट बघते. त्या दिवशी तुम्हाला बघत होते. तुमची मान. तुमचे कान. म्हणजे मला तुमच्या मानेवरून कळत होतं लढत कुठे चाललीय—डावीकडे झुकलात की ती डाव्या दोरांकडे, ताठ झालात की जोरात बसलं कुणाला तरी.

आता हिच्या आधीची लढत आठवा. एक जाडसर मुलगी सारखी पुढे येत होती, ढकलत होती, आणि दुसरी मागे मागे सरत टिपून मारत होती. ती मी बघितली, ती माझी नव्हती ना. मला वाटलं मागे सरणारीच जिंकली. तुम्ही पुढे येणारीला दिली. दिली ती दिली, पण निकाल सांगितला आणि लोक काय ओरडले! मागून कुणीतरी म्हणालं, पंचाला चष्मा द्या रे. आणि तुमचे कान, साहेब—मी एवढ्याशा अंतरावर होते—लालबुंद झाले. तुम्ही पाणी प्यायलात. मग रुमालानं मान पुसलीत, मग पुन्हा पाणी. आणि लगेच आमची आली रिंगमध्ये. आमची काय करते? मागे सरते आणि टिपते. उंच असूनही ती दुसरी पुढे येत होती, आणि आमची भिंगरी मागे मागे, गोल गोल. मग सांगा मला, आत्ताच तुम्ही पुढे येणारीला दिली होती ना? मग इथे मागे सरणारीला कशी? बाकीच्यांशी जुळू दे नाही तर नको, पण तुमचं तुमच्याशी तरी जुळायला हवं ना? तुम्ही आमच्या पोरीला नाही दिलंत, साहेब. तुम्ही त्या आधीच्या मुलीचं, जिचं राहून गेलं होतं, ते हिला दिलंत. लोकांनी हुर्यो केली म्हणून. मनात पाप नव्हतं, माणूस आहात, मला कळतं. पण ती त्यावर जगतेय. तुमच्या लाल कानांवर माझी पोर जगतेय.

...

काही बोलू नका म्हटलं होतं मी, पण—काय? जरा मोठ्यानं. पुन्हा बघितलीत? तुम्ही? घरी? ... आणि? ... म्हणजे काय, एकदा इकडे आणि एकदा तिकडे? नाही, मी समजले नाही. पहिल्यांदा बघितली तेव्हा हिचीच वाटली. आणि दुसऱ्यांदा त्या उंच मुलीची. आणि तिसऱ्यांदा बघितलीच नाहीत. का? ... हो. कळलं. मीही नसती बघितली.

मग तर झालंच! मग तर तुम्हाला खोटंही बोलावं लागणार नाही! दोन वेळांतली दुसरी वेळ सांगा तिला, बस्, पहिली सांगू नका. मी पुन्हा बघितली आणि ती तुझी नव्हती, एवढंच, हे अर्धं तरी खरंच आहे की नाही? अर्ध्या खऱ्यावर तर सगळं चाललंय तुमचं—नाही, टोमणा नाही मारला, माझ्या तोंडाला आज ताळतंत्र नाही. तुम्हाला वाटेल, असं सांगितलं तर ती आणखी पेटेल. नाही पेटणार. मी ओळखते तिला. जगाशी भांडेल ती, त्या दोघांशी भांडेल, पण तुमच्याशी नाही. तुम्ही म्हणालात तर ती ऐकेल, कारण तुम्ही एकटेच—तिच्या लेखी तुम्ही एकटेच डोळे असलेले आहात. शेवटी आज समोर पुन्हा तीच आहे ना, लांब हातांची. ते ठरल्यापासून ही हवेत आहे. आज तुम्ही बसणार का त्या लढतीला, ते मला माहीत नाही, विचारतही नाही. पण त्याआधी तिला सांगा. ती ग्लोव्हज काढून ठेवेल, मी तिला घरी नेईन, एवढंच हवंय मला.

का म्हणजे? का नको लढायला? अहो, किती दिवस लढायचं बाईनं. पंचविशी उलटली. आणि गोदामात तिला वरची जागा देतायत, खोकी उचलायची नाहीत, नुसतं बाकीच्यांवर लक्ष ठेवायचं, पण त्याला सरावासाठी सुट्ट्या घेऊन चालत नाही. आणि घरात माझंही आता होत नाही, खांदा धरतो. आणि हिचे बाबा—हिचे बाबा चांगले आहेत, त्यांचं काही नाही. पण असं सगळं आहे. तुम्ही म्हणाल मग तिलाच सांगा—सांगितलं, साहेब, किती तऱ्हांनी सांगितलं. रागावून सांगितलं, जेवण सोडून सांगितलं. ऐकतेय कुठे. सराव, सराव, सराव. आणि सराव तरी कसला आता, सर समोर उभे राहून पॅड धरतात, डावीकडचं टिपते बरोबर अगदी पूर्वीसारखं, उजवीकडून काही आलं की अख्खी मान वळवावी लागते तिला, सर ओरडतात आळशी झालीस म्हणून, आळशी कुठली, दिसतच नाही तिला त्या—

त्या गर्दीत, म्हणजे. फार गर्दी असते तिथे. आणि दिवेही मंद आहेत हो त्या जिममध्ये, एक ट्यूब तर सदा मिचमिचत असते, कुणाला काय दिसणार.

काय झालं? कप का ठेवलात खाली? नाही, काही नाही. दोन्ही डोळे चांगले आहेत तिचे. मी कुठे डोळ्यांचं काही म्हटलं? तुम्हीच म्हणताय. मी मानेचं म्हटलं. मान आखडते तिची, खोकी उचलून—

...

साहेब, माझ्याकडे असं नका बघू. मला खोटं जमत नाही. बहीण म्हणतानासुद्धा मी चष्मा उलटाच धरला होता.

उजवा डोळा. तुमच्या त्या लढतीनंतरच, का आधीपासून कोण जाणे, ती कुठे सांगते. मला आधी कळलं ते टेबलावरून. ती वाटी ठेवायची आणि वाटी टेबलाच्या कडेवर अर्धी बाहेर. पाणी ओतायची ते पेल्याच्या बाहेर. दाराच्या चौकटीला उजवा खांदा आपटायचा, रोज त्याच खांद्यावर निळं, मी म्हटलं सरावात लागलं असेल. मग एकदा मी तिच्या उजव्या बाजूला उभी राहून कपडे वाळत घालत होते, तर ती मोठ्यानं हाक मारतेय, आई, आई कुठे गेलीस—मी अगदी शेजारी, हात लांब केला असता तर लागला असता. धरून नेलं डोळ्यांच्या डॉक्टरकडे. हिच्या बाबांना नाही सांगितलं, कुणालाच नाही, गोदामाच्या नावाखाली गेलो. तो डॉक्टर तरुण होता, चांगला होता, म्हणाला, बाई, आतला पडदा काठाला सुटलाय. पडदा! मला वाटलं माझ्या कामाचं काही बोलतोय. मग त्यानं समजावलं—मागे चिकटलेला असतो, मार बसून बसून एका बाजूनं सुटला. आणि मला ते लगेच दिसलं, साहेब, मी आयुष्यभर तेच बघत आलेय. वरच्या कड्या एका बाजूनं निघाल्या की जड पडदा कसा आपल्याच भारानं एक एक कडी ओढत खाली येतो—एकदा निघायला लागला की थांबत नाही. त्यानं तो किरणांनी कडेकडेनं चिकटवून दिला, जेवढा राहिला होता तेवढा. आणि म्हणाला, आता डोक्याला मार नाही. एकही नाही. पुन्हा सुटला तर मी काही करू शकणार नाही. आणि दुसऱ्या डोळ्यातही कड पातळ आहे, म्हणाला.

दुसऱ्याही. ऐकलंत ना.

परत येताना बसच्या थांब्यावर बसलो दोघी. मी म्हटलं, सुटलो बाई, आता संपलं. मग तिनं माझा हात हातात घेतला—हात केवढा तिचा, बोटांची हाडं सगळी जाड झालेली, आणि गरम, तिचे हात लहानपणापासून गरम—आणि म्हणाली, आई, एकच लढत. फक्त तिच्याशी. मग तू म्हणशील ते. मी म्हटलं, कशासाठी गं, कशासाठी? तर म्हणाली, "एकाला दिसलं होतं. बाकीच्या दोघांना दाखवायचंय." आणि माझ्याकडून शप्पथ घेतली. म्हणाली, तू कुणाला सांगितलंस तर मी त्या दिवशी घर सोडीन आणि पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. ती बोलते ते करते, साहेब. भिंगरी म्हणतो आम्ही, पण बोलण्यात अशी ठाम की हलायची नाही.

तेव्हापासून मी बांधलेली आहे. सरांना सांगता येत नाही, बाबांना सांगता येत नाही. सकाळी तिला डबा भरून देते आणि मनात म्हणते, पाय मुरगळू दे हिचा. आपल्याच पोरीचा! जिन्यावरून जाते तेव्हा म्हणते, पड गं, एकदाच पड. मग मलाच माझी भीती वाटते. आणि ती भांडी घासताना काहीतरी पुटपुटत असते, मला वाटायचं गाणं म्हणतेय, इतके दिवस मला बरं वाटत होतं की पोर गाणं म्हणतेय—मग एक दिवस पाण्याचा नळ बंद होता म्हणून नीट ऐकू आलं. अक्षरं म्हणत होती. डॉक्टरांच्या तपासणीचा तो भिंतीवरचा तक्ता नसतो का, वरून मोठा, खाली बारीक बारीक, तो तिनं पाठ केलाय. सगळ्या ओळी. डावा डोळा झाकला की उजव्यानं काही दिसो न दिसो, ती घडाघडा म्हणणार. आणि तुमचे इथले डॉक्टर बिचारे एवढ्या मुली तपासतात, टॉर्च मारतात, बोट हलवतात, वाच म्हणतात, पुढची.

म्हणून तुमच्याकडे आले. शप्पथही मोडायची नव्हती आणि डोळाही घालवायचा नव्हता. वाटलं, तुम्ही ते वाक्य म्हणाल, ती आपणहून मागे फिरेल, मला काही म्हणजे काहीच सांगावं लागणार नाही. तिला कधी कळणारही नाही मी इथे आले होते. किती सोपं वाटत होतं मला, येताना सगळा रस्ता मी तुमचंच वाक्य म्हणत होते.

कुठे निघालात? साहेब? कोट राहू द्या, बसा, चहा संपलेला नाही. नाही—थांबा—तिला भेटायला जाताय ना? ते वाक्य सांगायला? मान का हलवताय? मग कुठे? ... डॉक्टरांकडे? नाही! नाही हो, तसं नाही, मी तुम्हाला त्यासाठी नाही सांगितलं! मला सांगायचंच नव्हतं, तोंडातून निसटलं ते, निसटलेलं धरू नका! तुम्ही पंच आहात, तुम्हाला सांगावंच लागतं, हो, असेल नियम, पण ती तिथे डॉक्टरांच्या तपासणीच्या रांगेत सगळ्यांसमोर उभी आहे, सर आहेत, ती उंच मुलगी आहे, सगळ्यांच्या देखत तिला बाजूला काढतील, डोळ्यात तो दिवा मारतील, नाव खोडतील, कायमचं. तिला कळेल. कुणी सांगितलं हे तिला त्याच क्षणी कळेल, मला सोडून कुणालाच माहीत नाही. ते वाक्य म्हणा ना त्यापेक्षा. हात जोडते. दोन शब्द कमी म्हणा. मी दारातून हलणार नाही, सांगून ठेवते, मला ढकलून जावं लागेल, मी इथेच उभी—

अहो.

मी दारात उभी होते ना? मी बाजूला कधी झाले?

...

जा.

जा साहेब. मला धरू नका, मी ठीक आहे, भिंतीला टेकलेय, तुम्ही जा. मगाशी तिच्यापुढे दोघीच उरल्या होत्या रांगेत, आता तिचा नंबर आलाही असेल. पळतच जा. आणि कुणी सांगितलं विचारलं तर—विचारेलच ती, ओरडेल, हात उगारेल कदाचित—तर आईनं म्हणा. तुमच्यावर घेऊ नका. आईनं सांगितलं, तिथे मागे खोलीत उभी आहे, असं म्हणा. आणि हे बघा, ते सांगताना तिच्या डाव्या बाजूला उभे राहा हं. उजवीकडून बोललात तर तिला तुम्ही दिसणार नाही. जा.